एक्केचाळीस नावं

१

शिंपीकाका बुधवारी सकाळी सातलाच डोळ्यांच्या इस्पितळात येऊन बसले. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे उपाशीपोटी, एका हातात मुलीचा हात आणि दुसऱ्या हातात पत्र. पत्रात लिहिलं होतं की आज उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. पाच महिने थांबले होते बिचारे. सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागते म्हटल्यावर शिंप्याचं राहिलं काय, सांगा. मुलीनं दारातल्या नव्या यंत्रात त्यांचं कार्ड घातलं. यंत्रानं ते परत दिलं. पुन्हा घातलं, पुन्हा परत. पडद्यावर एकच ओळ येत होती, यादीत नाव नाही.

दहापर्यंत अशी आणखी चार माणसं जमली. तिकडे थिएटरमध्ये सगळी तयारी करून नर्सबाई खोळंबलेली आणि टेबल रिकामं. दुपारी मोजदाद झाली तेव्हा कळलं की प्रतीक्षा यादीत एकशे सत्तर नावं असायला हवी होती, ती एकशे एकोणतीसच होती. म्हणजे एक्केचाळीस माणसं यादीतून गायब. सर्व्हरच्या खोलीतल्या काकांनी जुन्या प्रतीवरून ती संध्याकाळपर्यंत परत बसवली, पण ती गेली कशी हे कोणालाच सांगता येईना.

इस्पितळात वर्षभर बदल चालू होता. जुन्या कॉम्प्युटरांची कामं बाहेरच्या कंपनीकडे द्यायची, खिडक्या बंद करून यंत्रं लावायची, आणि कोणी कोणतं काम करायचं याची सगळी मांडणी नव्यानं करायची. ही नवी रचना मागच्या आठवड्यात सोमवारी लागू झाली होती. त्यामुळे नावं गेल्याचं कळताच निम्मं इस्पितळ म्हणालं, बघा, आम्ही सांगत होतो. उरलेलं निम्मं म्हणालं, हे कोणीतरी मुद्दाम केलंय.

सिस्टीममध्ये कोण कधी काय करतं याचा लॉग राहतो. तो उघडला. मंगळवार, दुपारी एक वाजून वीस मिनिटं, एक्केचाळीस नावं एका फटक्यात काढलेली. प्रत्येक नावापुढे एकच लॉगिन होतं, आणि ते नोंदणीतल्या मावशींचं होतं.

२

तपास दक्षता अधिकाऱ्यांकडे आला. त्यांना सगळं इस्पितळ दक्षताबाई म्हणायचं, आणि आता त्यांचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कोणाला ठाऊक असेल असं त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं. वय छप्पन्न, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, खोली जिन्याखाली. गेल्या वर्षभरात त्यांनी हरवलेला पंखा शोधला, खोट्या हजेऱ्या शोधल्या, आणि एका निनावी पत्राचा लेखक शोधला, जो शेवटी पत्र लिहिल्याचं स्वतःच विसरला होता. कोणाचं काही चुकलं की शोधून काढायचं, मग त्या माणसाला जिन्यात टाळत फिरायचं. वीट आला होता बाईंना.

अधीक्षकांनी, म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी, सरळच सांगितलं. सोमवारी संध्याकाळी अहवाल, बुधवारी बैठक. लॉग समोर आहे, तेव्हा फार खोलात जाऊ नका. मावशींना कामावरून थांबवलंच होतं, बैठकीत बडतर्फ करायचं एवढंच उरलं होतं. मावशींच्या नोकरीला एकतीस वर्षं झाली होती आणि निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. बडतर्फ झाल्या तर ती एकतीस वर्षं पाण्यात जाणार होती.

गुरुवारी सकाळी मावशी जबाब द्यायला आल्या. नोंदणीची खोली पूर्वी सहा बायकांनी गजबजलेली असायची. दक्षताबाईंनीही कधीकाळी तिथे आठ महिने काढले होते, मावशींच्या हाताखाली. आता तिथे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि भिंतीवर पाच खुर्च्यांचे घासल्याचे डाग होते. मावशी पदर सारखा करत बसल्या आणि म्हणाल्या की नावं मी काढली नाहीत. मंगळवारी एक वीसला कुठे होतात, तर मागच्या जिन्यात डबा खात होते. बरोबर कोण, तर कोणी नाही. पूर्वी सहाजणी मिळून जेवायचो, आता एकटीनं खोलीत बसून घास उतरत नाही.

बाईंनी मग तो प्रश्न विचारला जो विचारायलाच हवा होता.

"तुमचा पासवर्ड कोणाला माहीत आहे?"

"कोणाला नाही," मावशी म्हणाल्या.

प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं होतं. एकतीस वर्षांत मावशींनी कशाचंही उत्तर इतक्या घाईनं दिलेलं नव्हतं. साधं किती वाजले विचारलं तरी आधी घड्याळाकडे, मग खिडकीकडे बघून सांगायच्या. बाईंनी ते कागदावर लिहिलं नाही, पण डोक्यात ठेवलं.

३

बदलाची सूत्रं ज्यांच्याकडे होती त्यांना सगळे नवे साहेब म्हणायचे. माणूस चाळिशीचा, डोळे कायम लाल, टेबलावर तीन रिकामे कप. बाईंना वाटलं होतं हा मिजासखोर निघेल, तसा तो नव्हता. त्याची झोप झालेली नव्हती, एवढंच. त्यानं सांगितलं की कोणाचं काय काम आहे हे ठरवताना आम्ही कोणाच्या सांगण्यावर गेलो नाही, प्रत्येकाच्या लॉगिनवर दिवसाला किती कामं होतात ते मोजलं. माणसं वाढवून सांगतात, आकडे सांगत नाहीत. नोंदणीत मावशींच्या लॉगिनवर दिवसाला दोनशे बारा कामं निघाली आणि बाकीच्या पाचजणींच्या लॉगिनवर कधी शून्य, कधी चार. म्हणून त्या पाचजणींना इतरत्र पाठवलं आणि मावशींना कागदोपत्री बढती दिली, त्या आता यादीच्या जबाबदार अधिकारी. भर सभेत मी त्यांचं कौतुक केलं होतं, तो म्हणाला, की ही बाई एकटी सहाजणींचं काम करते. मग तिनं असं का करावं? त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. मैत्रिणी गेल्याचा राग. नवी रचना फसली असं दाखवायचं होतं.

तर्क वाईट नव्हता. दक्षताबाईंना तो पटलाही असता, पण मावशी रागावल्या की सगळ्यांसमोर रागवायच्या आणि दहा मिनिटांत विसरायच्या, हे त्यांनी आठ महिने बघितलं होतं.

सर्व्हरच्या खोलीतल्या काकांवर संशय घ्यायला भरपूर जागा होती. त्यांच्याकडे सगळ्या किल्ल्या होत्या, त्यांची खोली महिनाअखेर बंद होणार होती, आणि 'बघा आता काय काय होतं ते' असं ते कॅन्टीनमध्ये चारचौघांत म्हणाले होते. काकांनी सगळं कबूल केलं. हो, म्हणालो. हो, राग आहे. बावीस वर्षं ह्या डब्यांची सेवा केली आणि आता ते माझ्याशिवाय चालणार म्हणतात, तर राग येणार नाही का? पण रांगेतल्या आंधळ्या माणसांवर मी तो राग कशाला काढू? बाईंनी विचारलं, मावशींचा पासवर्ड तुम्हाला माहीत होता का. काका एकदम हसले, मग हसू गिळलं आणि चपलेकडे बघत म्हणाले की हे मला विचारू नका.

नोंदणीतून हललेल्या पाचजणींपैकी चौघी एकच वाक्य पाठ केल्यासारखं बोलल्या, आम्हाला काही माहीत नाही. पाचवी होती फोनताई. नोंदणीत पेशंटना फोन करायचं काम ती करायची, म्हणून हे नाव पडलेलं. आता ती तळघरात चादरी मोजत होती. तिनं आधी मावशी कशा आहेत ते विचारलं, नंतर नावं परत लागली का ते विचारलं. लागली म्हटल्यावर ती म्हणाली, बरं झालं, आणि मग स्वतःशीच पुटपुटली की किती दिवस राहतील कोण जाणे. बाईंनी याचा अर्थ विचारला तर तिनं चादरी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

४

शुक्रवारी संध्याकाळी दक्षताबाई घरी आल्या आणि पाय बादलीत सोडून बसल्या. कोणी काही लपवत नाही असं एकही माणूस त्यांना दोन दिवसांत भेटलं नव्हतं. सगळे मिळून काहीतरी लपवत होते, आणि तरीही त्यांच्यातला एकही मावशींच्या वाईटावर असेल असं वाटत नव्हतं. असा गुन्हा बाईंनी पूर्वी पाहिला नव्हता. नाद सोडावा, लॉग जोडून अहवाल द्यावा आणि झोपावं, असंही एकदा मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोला, दोनदा आलं.

करमणूक म्हणून त्यांनी फोन उघडला. गुडघ्याला लावायचा पट्टा मागवायचा होता. खरेदीच्या ॲपवर वरतीच लिहून आलं, खास तुमच्यासाठी. खाली मासे पकडायचे गळ, गळाची दोरी, दाढीचा ब्रश आणि पुरुषांच्या बनियनची जोडी.

"अहो, हे मला गळ कशाला दाखवतंय? मी काय नदीवर जाऊन बसते का?"

नवरा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, "मी तुझ्याच नावावरून मागवतो ना सगळं. माझा पासवर्ड कोणाच्या लक्षात राहतोय. त्याला वाटतं सगळं तुलाच हवं असतं."

बाई हसल्या. हसता हसता थांबल्या. मग त्यांनी पाय बादलीतून काढले, ओल्या पावलांनीच आत जाऊन एक कागद आणला आणि त्यावर दोनशे बारा असा आकडा लिहून त्याच्याकडे बघत बसल्या. दिवसाचे सात तास धरले तर दर दोन मिनिटांना एक काम. मावशी तर किती वाजले हे सांगायलाच एवढा वेळ घेत.

५

शनिवारी सकाळी बाई सर्व्हरच्या खोलीत हजर. त्यांनी काकांना सांगितलं की मला तीन गोष्टी काढून द्या आणि मधे एकही प्रश्न विचारू नका. काकांनी काढून दिल्या.

पहिली गोष्ट, नवी रचना आल्यानंतरचे मावशींच्या लॉगिनवरचे आकडे. रोज साधारण अडतीस. मावशी तीच, खुर्ची तीच, काम कमी झाल्याचं कोणी म्हणत नव्हतं, आणि दोनशे बाराचे अडतीस झाले होते. दुसरी गोष्ट, गेल्या वर्षीचे ते नऊ दिवस, जेव्हा मावशी बहिणीच्या आजारपणात परगावी गेल्या होत्या. त्या नऊ दिवसांत मावशींचं लॉगिन स्वस्थ बसायला हवं होतं. ते रोज पावणेदोनशेच्या आसपास कामं करत होतं.

बाईंनी काकांच्या टेबलावरच वजाबाकी केली. दोनशे बारातून अडतीस गेले, उरले एकशे चौऱ्याहत्तर. मावशी असल्या आणि पाचजणी नसल्या तर अडतीस. पाचजणी असल्या आणि मावशी नसल्या तर पावणेदोनशे. त्या पाचजणींनी कधी रिकामं बसून काढलंच नव्हतं. त्या सगळ्या मावशींच्या नावानं काम करत होत्या.

तिसरी गोष्ट होती मंगळवार. सगळ्यांनी एकच मंगळवार बघितला होता. बाईंनी मागचे सगळे बघितले. दर मंगळवारी, बरोबर एक वाजून वीस मिनिटांनी, मावशींच्या लॉगिनवरून एखादं नाव गेलेलं होतं, कधी दोन, कधी तीन. अकरा वर्षं. मावशी परगावी असतानाच्या मंगळवारीसुद्धा.

"काका, हे माणसाचं काम नाही," बाई म्हणाल्या. "कोणी लावला हा नियम?"

काकांनी चष्मा काढला आणि म्हणाले की मी. अकरा वर्षांपूर्वी ही सिस्टीम आली तेव्हा नवं लॉगिन मिळवायला तीन खात्यांच्या सह्या लागायच्या आणि कधी चार, कधी आठ महिने जायचे. सगळे अधिकार होते ते फक्त मावशींच्या लॉगिनला. कामं तर खोळंबत नाहीत. म्हणून जो तो मावशींच्या नावानं आत जायचा. तसं म्हणायचेही, 'मावशीनं जा'. नियमही मी तसाच लावला. यादीतल्या पेशंटना महिन्यातून एकदा फोन करून येणार का विचारायचं, येणार म्हणाले की खूण करायची. तीस दिवस खूण झाली नाही तर हा माणूस दुसरीकडे ऑपरेशन करून मोकळा झाला असं धरून मंगळवारी नाव आपोआप जायचं. तेव्हा सगळ्यांना ते सोयीचं वाटलं होतं.

बाईंना सगळं एकदम दिसलं. फोन करणारी होती फोनताई. ती दर आठवड्याला यादीतला एक भाग करायची, चार आठवड्यांत सगळी यादी. खूण मावशींच्या लॉगिनवर पडायची. आकड्यांत फोनताई शून्य दिसली म्हणून ती चादरी मोजायला गेली, फोन थांबले, आणि पहिल्या भागातल्या एक्केचाळीस माणसांचे तीस दिवस भरले. कोणी नावं काढलीच नव्हती. विचारायला माणूस उरलं नाही म्हणून ती गेली होती.

बोलला का नाहीत मग, असं बाईंनी विचारलं. काका म्हणाले, नियम माझा आणि नाव तिचं, हे सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता की तिचा पासवर्ड तुला कसा. पासवर्ड देणाऱ्याला बडतर्फ करतात, बाई. नियमावलीत आहे ते.

"येत्या मंगळवारी काय होईल?" बाईंनी विचारलं.

काकांनी यादी उघडून मोजलं. परत बसवलेली एक्केचाळीस जुन्याच तारखांची होती, तीही जाणार. शिवाय दुसऱ्या भागातली चव्वेचाळीस.

"पंच्याऐंशी," काका म्हणाले. "आणि मंगळवार तेरवा आहे."

६

नियम बंद करा म्हणून काकांना सांगावं, तर त्यांच्याकडे जुन्या प्रती आणि लॉग तेवढे उरले होते, नियम बदलायचा अधिकार आता बाहेरच्या कंपनीकडे होता आणि नव्या रचनेप्रमाणे विनंतीचं तिकीट टाकावं लागत होतं. तिकिटाला कामाचे बारा दिवस. बाईंनी ऐकून घेतलं, एक सुस्कारा टाकला आणि तळघराचा जिना उतरायला सुरुवात केली. उतरताना गुडघे जास्त दुखतात हे जिने बांधणाऱ्यांना कधीच कळत नाही.

फोनताईला त्यांनी काही विचारलंच नाही. मला सगळं माहीत आहे, एवढंच म्हणाल्या. ताई चादरींच्या ढिगावर बसून रडली. मग तिनं सांगितलं की बदली झाली त्या दिवशी मी विचारलं होतं, फोन कोण करणार. तिकीट टाका म्हणाले. मी टाकलं. दोन दिवसांनी उत्तर आलं की असं कोणतंही काम अस्तित्वात नाही, आणि तिकीट बंद केलं. तिनं फोनमध्ये जपून ठेवलेलं ते उत्तर बाईंना दाखवलं.

तेच उत्तर दहा मिनिटांनी नव्या साहेबांच्या टेबलावर होतं. सोबत दोनशे बारा, अडतीस, पावणेदोनशे. साहेबानं आकडे दोनदा बघितले आणि त्याचा चेहरा उतरला. आकडे वाढवून सांगत नाहीत म्हणालो होतो मी, तो म्हणाला. माणसं दिवसभर काय करतात हे एकदा त्यांच्या शेजारी बसून बघितलं असतं तर अर्ध्या तासात कळलं असतं. बाईंना त्याची दया आली. ती दाखवायला वेळ नव्हता.

फोनताईला यादीत खूण करायचा अधिकार नव्हता आणि मावशींचं लॉगिन माणसांसाठी बंद केलेलं होतं, नियम मात्र आतून चालूच होता. म्हणून साहेब स्वतः तळघरात आला. ताई फोन करायची, साहेब खूण करायचा. शनिवारी बावन्न झाले, सोमवारी सकाळी उरलेले. कोणी झोपेत होतं, कोणी बाजारात, एका आजीनं साहेबाला दहा मिनिटं सुनेचं गाऱ्हाणं सांगितलं. शिंपीकाकांना त्यांनी ऑपरेशनची नवी तारीख दिली, गुरुवार. काका म्हणाले की या वेळी मी जेवून येणार, मागच्या वेळचा उपास फुकट गेला. ताईनं दहा मिनिटं खपून त्यांची समजूत घातली.

साहेब जाताना म्हणाला, आता मावशी सुटल्या. बाईंनी मान हलवली नाही. मावशींनी नावं काढली नाहीत हे सिद्ध करायचं तर त्यांचं लॉगिन सगळे वापरत होते हे लिहावं लागणार होतं. आणि ते लिहिलं की मावशी दुसऱ्या कलमाखाली बडतर्फ.

७

त्याआधी रविवारी बाई मावशींच्या घरी गेल्या होत्या. दोन खोल्या, एका खोलीत अंथरुणाला खिळलेली बहीण. मावशींनी दार उघडलं आणि इस्पितळातलं ते तुम्ही-तुम्ही दारातच गळून पडलं.

"ये गं. पाणी देऊ?"

बाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं, गळाच्या दोरीपासून पंच्याऐंशीपर्यंत. मावशींनी ऐकून घेतलं. नावं का गेली हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, नियमाचा त्यांना पत्ताच नव्हता. पण आपल्या लॉगिनवर बोट दाखवलं गेलं तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं होतं, की पासवर्डचं तोंडातून काढायचं नाही. काढलं तर पाचजणींच्या नोकऱ्या जाणार, त्यांतल्या तिघींच्या घरात दुसरं कमावणारं कोणी नाही.

"माझे अकरा महिने राहिलेत," मावशी म्हणाल्या. "त्यांची वीस-वीस वर्षं राहिलीत. हिशेब सोपा आहे."

"पण तुम्ही काही केलेलं नाही."

"पासवर्ड दिला ना. दिलाय तर दिलाय." मावशी थांबल्या. खिडकीकडे बघून म्हणाल्या, "तुलाही दिला होता. पहिल्याच दिवशी. कागदावर लिहून दिला होता, आठवतं?"

आठवत नव्हतं असं नाही. आठवायचं नव्हतं. दहा वर्षांपूर्वी त्या नोंदणीत आल्या तेव्हा स्वतःचं लॉगिन मिळेपर्यंत आठ महिने त्याच लॉगिनवर काम केलं होतं. पासवर्ड अजून बोटांत होता. गुरुवारी मावशींना तो प्रश्न विचारताना, एका क्षणापुरता का होईना, तो बोटांत जागा झाला होता, आणि बाईंनी हात टेबलाखाली घेतला होता. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणाऱ्या बाईला स्वतःची शरम वाटली. बहिणीला औषध द्यायची वेळ झाली म्हणून मावशी आत गेल्या, आणि त्या बाहेर यायच्या आत बाई निघाल्या.

८

सोमवारी सकाळी फोन आटोपल्यावर दक्षताबाईंनी अहवाल लिहिला. सगळा लिहिला, काहीही गाळलं नाही. शेवटी एक कोरा कागद जोडला. त्यावर वरती लिहिलं, 'मावशींचं लॉगिन मी वापरलं आहे,' आणि खाली पहिली सही स्वतःची केली. छप्पन्नाव्या वर्षी कोणती नोकरी मिळते, याचा विचार सही केल्यावर आला, हे बरंच झालं.

मग त्या कागद घेऊन फिरल्या. कोणाला आग्रह केला नाही. काय आहे ते सांगायचं, कागद ठेवायचा, खिडकीबाहेर बघत उभं राहायचं. फोनताईनं वाचायच्या आधीच सही केली. काकांनी सही करून खाली तारीखही घातली. चौघींपैकी दोघी आधी नाही म्हणाल्या, एक जिन्यापर्यंत मागे धावत आली, दुसरी अर्ध्या तासानं. पुढे औषधाचं दुकान, तपासणी कक्ष, थिएटरची नर्सबाई. तिघांनी सरळ नकार दिला आणि बाईंनी त्यांना दोष दिला नाही. संध्याकाळी पाचला कागदावर एकोणीस सह्या होत्या.

मोठ्या डॉक्टरांनी अहवाल शांतपणे वाचला. नावं गेल्याचा उलगडा वाचताना ते दोनदा मागे गेले. मग तो कागद आला. ते बाईंना म्हणाले की नियमावलीप्रमाणे देणाराही दोषी आणि वापरणाराही दोषी. तुम्ही दक्षता अधिकारी आहात, तुम्हाला मी हे सांगायला नको. बाई म्हणाल्या, माहीत आहे. शिक्षा करायची तर ह्या कागदावरच्या सगळ्यांना सारखी करा, एवढीच विनंती आहे. एकटीला काढणार असाल तर माझं नाव पहिलं आहे, तिथून सुरुवात करा.

डॉक्टरांनी पेन उचललं. ते वरती शेरा लिहिणार असं बाईंना वाटलं. पण पेन कागदाच्या खालच्या बाजूला गेलं.

"तीन वर्षांपूर्वी," डॉक्टर म्हणाले, "एका लहान मुलीला त्याच दिवशी टेबलावर घ्यायचं होतं. माझं लॉगिन नाही म्हणालं. मावशी घरी होत्या. मी फोन केला, त्यांनी सांगितला." त्यांनी सही केली आणि पेनाला टोपण लावलं. "आता माझा निकाल मला देता येणार नाही. विश्वस्तांना बोलवावं लागेल. तुम्ही माझी संध्याकाळ खराब केलीत, बाई."

बुधवारी विश्वस्तांनी तीन तास डोकं खाजवलं. अधीक्षकांपासून चादरी मोजणारीपर्यंत वीसजणांना काढलं तर इस्पितळाला कुलूपच लागणार होतं. शेवटी सगळ्यांना एकेक लेखी ताकीद, मावशींनाही. ज्याला त्याला आठवड्यात स्वतःचं लॉगिन. नव्या साहेबानं रचनेचा तक्ता स्वतःहून मागे घेतला आणि महिनाभर एकेका माणसाच्या शेजारी बसून त्याचं काम बघायची परवानगी मागितली.

ताकीद द्यायला दक्षताबाई स्वतः गेल्या. मावशींनी ती वाचली आणि एकतीस वर्षांत पहिलीच, असं म्हणून घडी घातली. मग सोबतचा सह्यांचा कागद त्यांच्या हातात आला. वरच्या चार सह्या वाचून त्या भडकल्या.

"मी कोणाचंही नाव घेतलं नव्हतं. एकाचंही नाही."

"माहीत आहे, मावशी," बाई म्हणाल्या. "ज्यानं त्यानं आपलं घेतलं."

मावशी खुर्चीत बसल्या. त्यांचं बोट एकेका सहीवरून खाली सरकत गेलं, प्रत्येकीपाशी थोडं थांबत. विसाव्या सहीपाशी ते बराच वेळ थांबलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि कागद पुन्हा पहिल्या नावापासून वाचायला घेतला.